पोस्टाने कुपनांची अदलाबदल: सहा जणांची ट्रेन काढायची आहे (फक्त अमेरिका)

चिंचगूळ (सप्टेंबर २०१२)

नमस्कार मंडळी,

रविवारच्या पेपरातून येणाऱ्या कुपनांवर (बिल करताना दिली की छापलेली सूट मिळते ती) इथे आधी धागे झालेत, त्यामुळे कुपन म्हणजे काय, कात्री कुठली वापरायची वगैरे पुन्हा लिहीत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. दर रविवारी स्मार्टसोर्स आणि रेडप्लम या कुपनांच्या पुरवण्या येतात, त्यातली निम्म्याहून जास्त कुपनं माझ्या काहीच कामाची नसतात. आमच्याकडे मांजर नाही, कुत्रा नाही, हॉटडॉग आणि बेकन खाणारं कुणी नाही. दुसरीकडे हगीज (डायपर), दही, सीरियल आणि डिटर्जंटची कुपनं मला कितीही मिळाली तरी हवीच आहेत.

अमेरिकन बायका यासाठी 'कुपन ट्रेन' चालवतात. एक जाड पाकीट ठरलेल्या क्रमाने घरोघर पोस्टाने फिरतं. आपल्याकडे आलं की हवी ती कुपनं काढून घ्यायची, तेवढीच आपल्याकडची नको असलेली आत टाकायची, मुदत संपलेली वेचून काढायची आणि पुढच्या पत्त्यावर रवाना करायचं. जी ही यादी सांभाळते ती कंडक्टर. पैशाची देवाणघेवाण नाही, खर्च फक्त आपापल्या पोस्टेजचा.

मी नॉर्थ कॅरोलायनात आहे. इथे हॅरिस टीटर हे किराणा दुकान ९९ सेंटपर्यंतचं कुपन रोज डबल करतं, म्हणजे ५० सेंटचं कुपन दिलं की एक डॉलर कमी होतो. त्यामुळे मला छोट्या किमतीची कुपनं सोन्यासारखी. जिथे डबल होत नाही तिथल्या लोकांना ती फेकून द्यावीशी वाटतात, त्यांना एक डॉलर, दोन डॉलरवाली हवी असतात. शिवाय एकाच रविवारी एकाच कंपनीचं कुपन न्यू जर्सीत ७५ सेंटचं आणि आमच्याकडे ४० सेंटचं असतं, आणि काही तर आमच्या पेपरात येतच नाहीत. म्हणून एकाच गावातल्या सहा मैत्रिणी जमवून फारसा उपयोग नाही. वेगवेगळ्या राज्यांतली माणसं हवीत.

कंडक्टर मी होते. पाच जणी हव्यात. आधी कुणी केलं असेल तर अनुभव सांगा.

निमकी

मी केलंय, दोन वर्षांपूर्वी, एका अमेरिकन ग्रुपमध्ये. कल्पना छान आहे, पण काही गोष्टी आधीच ठरव, नाहीतर रडशील.

पहिली, पी अँड जीची (प्रॉक्टर अँड गँबल कंपनी) कुपनं पाकिटात घालायचीच नाहीत. त्यांची पुरवणी महिन्यातून एकदा येते आणि महिन्याभरात मुदत संपते. पाकीट तिसऱ्या घरी पोचेपर्यंत ती मेलेली असतात. पॅम्पर्स, टाइड, बाउंटी सगळं त्यातच येतं, त्यामुळे लोकांना मोह होतो आणि मग पाकिटात निम्मा कचरा फिरत राहतो.

दुसरी, सुट्टीच्या रविवारी पुरवण्या येत नाहीत. लेबर डे, थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस, ईस्टर. त्या आठवड्यात पाकीट ज्याच्याकडे येईल त्याच्याकडे घालायला ताजं काही नसतं. तेव्हा चिडू नका.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. कुणी भारतात जाणार असेल तर आधी सांगायचं. आमच्या ट्रेनमधली एक बाई सहा आठवडे देशाबाहेर होती आणि पाकीट तिच्या दारात बसून होतं. ती परत आली तेव्हा आतलं जवळजवळ सगळं बाद झालेलं. आपल्या लोकांची डिसेंबरची तिकिटं तर जूनमध्येच काढलेली असतात, तेव्हा लपवायचं काय त्यात!

टपालपेटी

निमकी, पोस्टाचं 'होल्ड मेल' (आलेलं टपाल पोस्टातच थांबवून ठेवणं) जास्तीत जास्त ३० दिवसांचं असतं. सहा आठवडे जाणाऱ्याने त्यावर विसंबू नये. त्या फेरीपुरतं त्या नावावर काट मारणंच बरं.

बाकी पोस्टाबद्दल थोडं लिहितो, कारण या ट्रेनी मुख्यतः तिथेच रुळावरून घसरतात.

साधं पाकीट, म्हणजे 'लेटर', पाव इंचापेक्षा जाड चालत नाही आणि साडेतीन औंसांच्या वर जात नाही. कुपनं भरली की तुम्ही हमखास त्याच्या पुढे जाता. तेव्हा ९ बाय १२ चं मोठं पाकीट घ्या, त्याला 'फ्लॅट' म्हणतात. सध्याचा (२०१२ चा) दर पहिल्या औंसाला ९० सेंट आणि पुढच्या प्रत्येक औंसाला २० सेंट, १३ औंसांपर्यंत. पाच औंसाचं पाकीट १ डॉलर ७० सेंटमध्ये जातं. पण ते पाऊण इंचाच्या आत, वाकणारं आणि सगळीकडे सारखं जाड हवं. एका कोपऱ्यात कुपनांचा गठ्ठा आणि बाकी रिकामं असं पाठवलंत तर खिडकीवरचा माणूस ते पार्सल म्हणून मोजेल आणि दर वाढेल. म्हणून कुपनं छोट्या झिप पिशव्यांत भरून त्या पिशव्या खेळायच्या पत्त्यांसारख्या पसरून ठेवा. मोठ्या क्लिपा नकोत.

स्वस्त म्हणून 'मीडिया मेल'ने (पुस्तकं वगैरेंसाठीची टपालसेवा) पाठवायचा विचार कुणी करत असेल तर तो सोडा. त्यात जाहिराती चालत नाहीत, आणि कुपन ही जाहिरातच. पोस्टाला ते पाकीट उघडून बघायचा अधिकार असतो.

फ्लॅटला डिलिव्हरी कन्फर्मेशन मिळत नाही, ते पार्सलला असतं. पाठवल्याचा पुरावा हवा असेल तर 'सर्टिफिकेट ऑफ मेलिंग' घेता येतं, पण त्याने पाकीट कुठे आहे ते कळत नाही, फक्त तुम्ही टाकलंत एवढं सिद्ध होतं. माझ्या मते दर वेळी त्यावर खर्च करू नका. पाठवल्याच्या दिवशी सगळ्यांना एक ईमेल टाकली की पुरे.

पावशेर

सॉरी, पण मला हे चेन लेटरसारखं वाटतंय. यादीतल्या पुढच्या पत्त्यावर पाठवा, मग तुम्हाला मिळेल... भारतात संतोषी मातेची पत्रं यायची तशी. आणि मुळात कुपनांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की ट्रान्सफर केलं तर बाद. मग हे दुकानदाराला फसवणं नाही का? पाच डॉलर वाचवायला इतके उद्योग?

टपालपेटी

चेन लेटर बेकायदा ठरतं ते त्यात पैसे किंवा किमती वस्तू पाठवायला लावून खालच्या लोकांच्या जिवावर वरच्यांना परतावा कबूल केलेला असतो म्हणून. इथे यादी वाढत नाही, सहाची सहाच राहते. कुणाला कुणी पैसे देत नाही. तो मुद्दा लागू नाही.

अक्कलखाते

दुकानदार बुडतो हा गैरसमज मात्र काढून टाकू या. निर्मात्याचं कुपन घेतलं की दुकान ते जमा करून क्लिअरिंग हाउसकडे पाठवतं. तिथे ती मोजली जातात (बरीचशी मोजणी मेक्सिकोत होते), कंपन्यांना बिल जातं आणि दुकानाला कुपनाची पूर्ण रक्कम परत मिळते, वर प्रत्येक कुपनामागे साधारण आठ सेंट हाताळणीचे. डबल झालेला भाग तेवढा दुकानाच्या खिशातून जातो, आणि तो त्यांनी गिऱ्हाईक खेचायला स्वतःहून ठेवलेला असतो.

म्हणूनच बऱ्याच राज्यांत विक्रीकर लागतो तो कुपन वजा करायच्या आधीच्या किमतीवर. शाम्पू ४ डॉलरचा, निर्मात्याचं कुपन एक डॉलरचं, तरी कर ४ वर. दुकानाला ४ मिळणारच आहेत ना. दुकानाचं स्वतःचं कुपन असेल तर कर ३ वर. पावतीत चूक आहे असं समजून कॅशियरशी भांडणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवतोय.

पावशेर यांचा ट्रान्सफरचा मुद्दा मात्र खरा आहे. 'विकल्यास, लिलाव केल्यास, हस्तांतरित केल्यास बाद' असं छापलेलं असतं. अक्षरशः घेतलं तर मी शेजारणीला एक कुपन दिलं तरी ते बाद. सार्वजनिक वाचनालयांत कुपनांच्या अदलाबदलीच्या पेट्या ठेवलेल्या असतात, तिथे कुणाला कुणी हटकलेलं मी पाहिलं नाही. पण कंपनीला वाटलं तर ती पैसे नाकारू शकते, हे डोक्यात ठेवून करावं. विक्री हा वेगळा विषय आहे. 'कुपन विकत नाही, कापायच्या मेहनतीचे पैसे घेते' असं म्हणणाऱ्या वेबसाइटी आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

शेवंती

जुलैमध्ये फिनिक्सला तीन बायकांना पकडलं ते वाचलं का? बनावट कुपनं छापून घेऊन वेबसाइटवरून विकत होत्या. ते वाचल्यावर अनोळखी माणसाकडून कुपनं घ्यायची भीतीच बसली. कॅशियरने माझ्यासमोर लाईट लावून कुपन तपासलं तर मी मेलेच लाजेने.

चिंचगूळ

शेवंती, म्हणून नियम असा ठेवू या: फक्त पेपरातली आणि दुकानात मिळालेली मूळ कुपनं. घरी प्रिंट केलेली नाहीत, झेरॉक्स तर नाहीच. फोटोकॉपी हीच बनावट. 'एक वस्तू फुकट' वाली कुपनंही नकोत, बनावट मुख्यतः तीच असतात. पेपरातल्या पुरवणीचा कागद एकदा हाताला कळला की चुकत नाही.

दुकानात मिळालेली म्हणजे ब्लिंकी (कपाटाला लटकवलेल्या, दिवा लुकलुकणाऱ्या यंत्रातून ओढायची), पीली (वस्तूवर चिकटवलेली) आणि टिअरपॅड. पण एक विनंती. टिअरपॅडचा अख्खा गठ्ठा उचलून पाकिटात टाकू नका, आणि दुसऱ्याच्या बाटलीवरची पीली सोलून आणू नका. ती त्या बाटलीच्या गिऱ्हाइकाची. कॅटलिना, म्हणजे पावतीबरोबर छापून येतात ती, त्या दुकानाची असतील तर दुसऱ्या राज्यात उपयोगाची नाहीत. टेक्सासातल्या एचईबी दुकानाची पिवळी कुपनं मी घेऊन काय करू?

घाटावरचा

'पाच जणी हव्यात' असं लिहिलंय. आमच्या घरी किराणा मी आणतो. पुरुषांना आरक्षण आहे का?

सिएटल परिसरात आहे. आमच्याकडे डबलिंग नाही म्हणजे नाहीच. ५५ सेंटची कुपनं वर्षानुवर्षं रद्दीत गेलीत. कुत्रा आहे, त्यामुळे कुत्र्याची सगळी मला द्या. मांसाहारीही चालतील. थोडक्यात तुम्हाला नको असलेलं सगळं मी घेतो, म्हणजे मी आदर्श डबा आहे.

चिंचगूळ

दादा, शीर्षक बदललं. 'सहा जणांची'. तुमची जागा नक्की. :)

अक्कलखाते

आकडे मांडून बघू, कारण पावशेरांच्या 'पाच डॉलर'ला उत्तर द्यायलाच हवं.

समजा चिंचगूळ यांनी एका फेरीत पाकिटातून ५० सेंटची दहा कुपनं काढली. डबल होऊन १० डॉलर वाचले. त्यांनी बदल्यात एक डॉलरवाली दहा टाकली, त्यांना न लागणाऱ्या वस्तूंची, जी त्यांच्याकडे डबलही होत नव्हती. घाटावरच्यांनी ती घेतली, त्यांचेही १० वाचले. त्यांच्याजवळ आधी ५० सेंटची असती तर पाचच वाचले असते. दोघांचं पोस्टेज प्रत्येकी १ डॉलर ७० सेंट. म्हणजे एकमेकांच्या खिशातून काही न जाता दोघांचा फायदा झाला. हे जमतं ते दोघांच्या गरजा आणि दुकानं वेगळी आहेत म्हणून. दोघांच्या गरजा आणि दुकानं सारखीच असती तर पोस्टाचा खर्च तेवढा झाला असता.

आता अट. ही दहाही कुपनं अशा वस्तूंची हवीत ज्या तुम्ही नाहीतरी घेतल्याच असत्या. पाकिटातून मोहापायी एअर फ्रेशनरची चार कुपनं काढून चार एअर फ्रेशनर आणले तर तुम्ही वाचवलं नाही, खर्च केला. टीव्हीवर गराजमध्ये मोहरीच्या साठ बाटल्या रचणारी माणसं दाखवतात, त्यांना मोहरीशी लग्न लावायचंय का देव जाणे.

आणि मोजणी कशी करणार? नगाला नग की डॉलरला डॉलर? डॉलरचा हिशेब ठेवायला गेलात तर पाकिटाबरोबर मुनीम पाठवावा लागेल.

निमकी

नगाला नग. आमच्याकडे असंच होतं. तीन डॉलरच्या वरचं असेल तर त्याच्या बदल्यात तीन-चार टाकायची, इतपत तारतम्य. आणि प्रत्येकाने आपण घातलेल्या कुपनांच्या पिशवीवर आद्याक्षरं लिहायची. पाकीट पूर्ण फेरी मारून परत आपल्याकडे आलं आणि आपलीच कुपनं अजून आत असली, तर ती कुणालाच नकोयत असा अर्थ. ती आपण काढून घ्यायची आणि नवी घालायची. नाहीतर पाकिटाचं वजन वाढत जातं आणि १३ औंसांचा काटा गाठतं.

शेवंती

भिशीसारखंच झालं की हे. पाळी ठरलेली, ओळख पाहिजे, आणि एकीने टांग मारली की बाकीच्यांचं अडतं. फक्त इथे भजी नाहीत.

पण मला एक अडचण वाटते. भिशीत सगळ्या एकमेकींच्या घरी गेलेल्या असतात. इथे मी माझा घरचा पत्ता पाच अनोळखी लोकांना देणार. नवरा म्हणतो, इंटरनेटवरच्या लोकांना पत्ता देणार का तू?

चिंचगूळ

नवरा बरोबर बोलतोय. पत्ते या धाग्यावर कुणीही लिहायचे नाहीत. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी प्रत्येकाला फक्त पुढच्याचाच पत्ता देईन, पूर्ण यादी कुणालाही नाही, माझ्याकडेच राहील. ज्यांना तेही नको त्यांनी पीओ बॉक्स घ्यावा. आणि पहिल्या फेरीत मी ज्यांच्याशी फोनवर बोललेय अशांनाच घेईन. यात कुणाला अपमान वाटून घ्यायचं कारण नाही.

कढीलिंब

मी टोरंटोला. मला घ्याल का? इथे कुपनांची मुदत बरीच लांब असते.

चिंचगूळ

कढीलिंब, नाही ग. अमेरिकेची कुपनं तिथे चालत नाहीत आणि तिथली इथे नाहीत. कॅनडातल्या कॅनडात काढ. मुदत लांब असेल तर दहा जणांचीही चालेल.

कढीलिंब

हो, ते डोक्यातच आलं नाही. वेगळा धागा काढते.

रानजाई

पुण्यातून विचारतेय. भारतात असं काही का नाही?

अक्कलखाते

भारतात वस्तूवर एमआरपी छापलेली, सवलत असेल तर ती पाकिटावरच, '२० टक्के जास्त' किंवा 'साबणावर साबण मोफत'. कोपऱ्यावरच्या वाण्याने तुमचं पेपरातलं कुपन घेतलं तर ते मोजून त्याला पैसे परत देणारी यंत्रणा हवी, ती नाही. रॅपर जमवून भांडी मिळवणं एवढंच आपल्याला माहीत.

घाटावरचा

आमच्या आईने तशा रॅपरवर मिळवलेलं स्टीलचं वाडगं अजून आहे घरी.

पावशेर

ठीक आहे, फसवणूक नाही हे मान्य. पण वेळेचं काय? रविवारी तीन तास कापत बसायचं, पिशव्या भरायच्या, पोस्टात रांग. ताशी मजुरी काढली तर अमेरिकेतल्या किमान वेतनाच्याही खाली.

निमकी

पावशेर, इथल्या निम्म्या जणी एच-४ वर (एच-१बीवर आलेल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) आहेत. आमच्या तासाला बाजारात भावच नाही, कायद्यानेच नाही. एमटेक करून आलेली मी, तीन वर्षं घरात. मी बिलातून २२ डॉलर वाचवून आणले की तो आकडा मी कॅलेंडरवर लिहिते. तुमचा ताशी दर तुमच्यापाशी ठेवा.

पावशेर

मान्य. हा विचार मी केला नव्हता. शब्द मागे.

शेवंती

निमकी, माझं पण बीई. कॅलेंडरची आयडिया घेतली.

चिंचगूळ

चला, सहा झाले. मी (नॉर्थ कॅरोलायना), शेवंती (न्यू जर्सी), निमकी (शिकागो), अजून दोघी ज्यांनी व्यनि केलाय (ह्यूस्टन आणि फ्रीमॉण्ट), आणि घाटावरचा (सिएटल). क्रम मी मुद्दाम नकाशाप्रमाणे लावलाय: माझ्याकडून न्यू जर्सी, शिकागो, सिएटल, फ्रीमॉण्ट, ह्यूस्टन आणि परत मी. पोस्टात तीन दिवस, घरी दोन दिवस, असं धरलं तर फेरी महिन्यात पूर्ण होते. आठ जण घेतले असते तर चाळीस दिवस, आणि कुपनं चार ते आठ आठवड्यांत संपतात. म्हणून सहाच.

ठरलेलं:

पाकिटात जाताना कुपनाची मुदत किमान तीन आठवडे शिल्लक हवी. पी अँड जी नाही. प्रिंट केलेली नाहीत. घरी दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, शनिवारी आलं तर सोमवारी गेलं पाहिजे. पाकिटात एक कागद राहील, त्यावर आलं ती तारीख आणि गेलं ती तारीख. त्याच कागदाच्या मागे प्रत्येकाने आपल्याला काय हवं ते लिहायचं, म्हणजे आधीचा माणूस ते राखून ठेवेल. (माझं: हगीज, दही, सीरियल. बेबी फूड नको, पोराला मी भातच भरवते.) मुदत संपलेली फेकू नका, बाजूला ठेवा, त्याचं मी सांगते.

अमेरिकेबाहेरच्या लष्करी तळांवरच्या दुकानांत मुदत संपल्यावरही सहा महिन्यांपर्यंत निर्मात्यांची कुपनं चालतात. तिथल्या सैनिकांच्या कुटुंबांकडे ती पाठवता येतात, आणि एपीओ (लष्करी टपालाच्या) पत्त्यावर देशातलाच दर लागतो. वर्षातून दोनदा मी एकत्र गठ्ठा पाठवेन. पोस्टेज माझं.

टपालपेटी

मी ट्रेनमध्ये नाही, पण एक शेवटचं. पाकिटाच्या मागे परतीचा पत्ता कंडक्टरचा लिहा, पाठवणाऱ्याचा नाही. पत्ता चुकला तर पाकीट थेट चिंचगूळ यांच्याकडे परत येईल आणि कुठे अडलं ते कळेल.

घाटावरचा (ऑक्टोबर २०१२)

पाकीट पोचलं! कुत्र्याच्या खाण्याची चौदा. शेवंतीताईंनी एका पिशवीत बडीशेपही ठेवली होती, कुत्र्याने आधी ती हुंगली. एकच तक्रार, माझ्याकडे येईपर्यंत चीजची सगळी गायब. कोण चीज खातंय एवढं?

निमकी

मी. पनीर संपलं की पराठ्यात तेच घालते. पुढच्या फेरीत दोन ठेवीन तुमच्यासाठी.

शेवंती (फेब्रुवारी २०१३)

चौथी फेरी सुरू. स्टँपचा दर ४६ सेंट झाला, फ्लॅटचाही वाढला. अजून परवडतंय. नियमात एक भर घाला: डबल कुठे चालू आहे, कुठे बंद झालं ते कागदावर लिहीत जा. ह्यूस्टनवाल्या म्हणाल्या की त्यांच्याकडच्या एका दुकानात डबल-ट्रिपल दोन्ही बंद झालं. तेव्हा त्यांना आता छोटी पाठवून उपयोग नाही. ती माझ्याकडे वळवा, आमच्या शॉपराइटला ९९ सेंटपर्यंत डबल होतं.

केवडा_अटलांटा (मार्च २०२५)

जुना धागा वर काढतेय, माफ करा. शोधताना सापडला. नवीनच आलेय, मुलगी सात महिन्यांची. ही ट्रेन अजून चालू आहे का? मला यायला आवडेल.

चिंचगूळ

अरे बापरे, हा धागा! केवडा, नाही, २०१६ च्या आसपास बंद पडली. दोन गोष्टी झाल्या. २०१५ च्या मे महिन्यात काही एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळायला लागली आणि वर्षभरात निमकी, शेवंती आणि फ्रीमॉण्टची ती, तिघीही नोकरीला लागल्या. पाकीट आठवडाभर टेबलावर पडून राहायला लागलं. मी कुणाला ओरडणार? मला आनंदच झाला होता.

दुसरं म्हणजे पेपर बारीक झाला. पुरवण्या पातळ होत गेल्या, कुपनं कमी, मुदती आखूड. आता बहुतेक सवलती दुकानाच्या अ‍ॅपवर, खात्याला एक. ती काही पाकिटात घालता येत नाही. आणि पावतीचा फोटो काढून पैसे परत देणारी अ‍ॅप्स आहेत, आयबोटा वगैरे. त्यात वाटून घेण्यासारखं काही उरत नाही, प्रत्येकाचं आपापलं.

टपालपेटी

मी अजून आहे इथे. दर सांगतो: साधा स्टँप सध्या (मार्च २०२५) ७३ सेंट, २०१२ मध्ये ४५ होता. आणि २०१९ पासून स्टँप लावलेलं पाकीट अर्ध्या इंचाहून जाड किंवा दहा औंसांहून जड असेल तर रस्त्यावरच्या निळ्या पोस्टपेटीत टाकता येत नाही, खिडकीवर जावं लागतं. जुन्या पद्धतीचं जाडजूड पाकीट आता चालवायचं तर प्रत्येक जण पोस्टात रांगेत.

अक्कलखाते

शिवाय बनावटगिरीने सगळ्यांचं नुकसान केलं. व्हर्जिनिया बीचच्या एका बाईला २०२१ साली बारा वर्षांची शिक्षा झाली. घरी संगणकावर कुपनं बनवून टेलिग्रामच्या ग्रुपवर विकत होती. नुकसान तीन कोटी डॉलरच्या वर. तेव्हा टेलिग्राम, फेसबुकवरच्या 'कुपन ग्रुप'मध्ये कुणी पैसे मागितले तर केवडा, तिथून लगेच बाहेर पडा. नव्या आईला डायपरची स्वस्त कुपनं म्हटलं की मोह होतो, हे त्यांना बरोबर माहीत असतं.

केवडा_अटलांटा

बापरे. बरं झालं विचारलं. मला खरंच एका ग्रुपमधून मेसेज आला होता, २५ डॉलरला डायपरची वीस कुपनं. नाही घेतली.

पण मग लहान प्रमाणात काही होईल का? माझ्याकडे डायपर आणि फॉर्म्युला (बाळाचं पावडरचं दूध) कंपन्यांची कागदी कुपनं पोस्टाने येतात, त्यांच्या यादीत नाव घातलं होतं डॉक्टरांकडे. फॉर्म्युला मी देतच नाही. त्यांची पाच-पाच, दहा-दहा डॉलरची चेकच्या रूपातली कुपनं पडून आहेत.

चिंचगूळ

ते होईल की. ट्रेन नको, जोडी लाव. दोघी-तिघी एवढ्याच. तुझे फॉर्म्युलाचे चेक जिला हवेत तिला तू साध्या पाकिटात, एका स्टँपमध्ये पाठवायचे, तिने तिच्याकडची डायपरची तुला. ती एक औंसाच्या आत बसतात, फ्लॅट लागत नाही. मात्र त्या चेकवर नाव छापलेलं आहे का ते आधी बघ. नाव असेल तर दुसरीला दुकानात अडवू शकतात, ते पाठवू नकोस. आणि मुदत बघ, ते चेक लवकर संपतात.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात शार्लट शहरातली एक आहे, जुळी आहेत, फॉर्म्युलावर. तिला विचारून तुला व्यनि करते. पत्ता इथे लिहू नकोस.

घाटावरचा

कुत्र्याचं काही आलं तर मला सांगा. आताचा दुसरा आहे, पण खातो तेवढंच.